सिंगल बेल

नवी गाडी घेतली तेव्हा बाबांनी आधी चाकं पाहिली,
मग वाकून टाकी,
आणि शोरूमच्या पोराला विचारलं,
"केपीटीएल किती देते?"
पोरगा हसला. त्याला कसं ठाऊक असणार,
दहा लिटरमागे किती किलोमीटर,
हा आमच्या घरात एकतीस वर्षं
रोज संध्याकाळचा पहिला प्रश्न होता,
भाजी काय केली, याच्याही आधी.
आर्वी डेपोच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं:
देवमन भोयर, चोपन्न.

आता काचबिंदूनं त्यांचे दोन्ही काठ खाल्लेत,
समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहावं तसं.
मी जनावरांची डॉक्टर. रात्री फोन येतो,
कुणाची गाय अडलेली असते,
आणि बाबा न बोलावता डाव्या सीटवर,
मांडीवर टॉर्च.

गाडी तशी शहाणी आहे.
पुढच्या ट्रकमागे अंतर राखते,
रांग सुटली की स्टेअरिंगला हळूच हिसका देते,
पंगतीत आईनं कोपरानं ढोसावं तसा.
पण हे डांबरी हमरस्त्यापुरतं.
खेड्याचा फाटा लागला, पांढरी रेघ संपली,
की पडद्यावरच्या दोन्ही रेषा विझतात
आणि ती गप्प होते,
पुस्तकाबाहेरचा प्रश्न आलेल्या पोरीसारखी.

अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं,
राखणीला दगडांची ओळ.
दगड पाहून ती वाजते.
बाबा म्हणतात, "गुलाबनं बेल मारली."
गुलाब मेश्राम, त्यांचा कंडक्टर.
एक टण, थांब. दोन टण, चाल.
"पर हे दोन कधीच मारत नाही," बाबा म्हणतात.
"याले फक्त थांबवता येते."

माझ्या पायाकडे त्यांचे कान असतात.
"झोपलेल्या पोट्ट्यावर हात ठेवतो ना,
तसा पाय ठेव, माय.
चढ दिसला का आधीच वेग घे,
उतारावर पाय सोड, पर न्यूट्रल नको करू.
उगाच ब्रेक मारला
तं समज डिझेल नालीत ओतलं."
पडद्यावर हिरवं पान उगवतं.
"काय म्हणते ते?"
शाबास म्हणते, मी सांगते.
"आमाले तं सायेब मेमोच देत होते."

त्या रात्री सावळीहून परतत होतो.
वासरू वाचलं होतं, माझ्या नखांत अजून आयोडीन.
गाडीनं माझ्या आधी ब्रेक मारला.
पट्टा छातीत रुतला.
उजेडात एक रोही, भलीथोरली,
डांबर ओलांडून तुरीत शिरली.
पडदा मोकळा. रस्ता रिकामा, असं गाडीचं मत.
मी ब्रेकवरून पाय उचलणार
तर बाबांचा हात माझ्या मनगटावर.
"थांब. एकटी नसते ते."
इंजिन आपोआप बंद झालं,
घोटभर तेल वाचवायला.
रातकिडे. धुऱ्यावर काहीतरी सळसळलं.
मग दुसरी आली, तिसरी,
मागून पाय अडखळणारं पिल्लू,
डावीकडून,
म्हणजे बाबांना जी बाजू दिसतच नाही तिकडून.

कसं कळलं, मी विचारलं.
"कळलं नाही," म्हणाले.
"एकदा थांबलो नव्हतो."

डेपोच्या फळ्यावर हे कधी आलं नव्हतं.
घरातही नाही.
मी पुढे काही विचारलं नाही, त्यांनी टॉर्च
उगाच लावली, विझवली.
मग बोटाच्या पेरानं डॅशबोर्डवर
दोनदा वाजवलं.

सकाळी पंपावर टाकी काठोकाठ भरून
त्यांनी वहीत हिशेब मांडला, नाक कागदाला टेकवून.
गाडी म्हणते एकोणीस पॉइंट सहा.
वही म्हणते अठरा पॉइंट नऊ.
"थापा मारते थोड्या," म्हणाले, "नवी हाये."
शेराच्या रकान्यात वाकड्या अक्षरात:
रोही तीन. पिल्लू एक.